छोट्या स्वयंपाकघरात राखाडी रंग
ओटा काळ्या कडप्प्याचा असेल तर भिंती आणि वरची कपाटं फिकट राखाडीच ठेवा. गडद छटा फक्त ओट्याखालच्या ट्रॉल्यांना. जागा मोकळी वाटते, आणि स्टीलचे डबे, पातेली त्या रंगापुढे फार देखणी दिसतात. छटा मात्र दुकानातल्या कार्डावरून ठरवू नका. भिंतीवर हातभर पट्टा रंगवून तो सकाळी बघा आणि रात्री दिवा लावूनही बघा. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली राखाडी निळसर, उदास वाटतो. ४००० केल्विनचा दिवा त्याला जास्त मानवतो. टाइल्सच्या सांध्यांत राखाडी इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं सांधे भरायचं मिश्रण, भरून घ्या. थोडं महाग पडतं, पण फोडणीचं तेल आणि हळद त्यात सहसा मुरत नाही. पांढऱ्या सिमेंटचे सांधे वर्षभरात पिवळे पडलेले मी माझ्याच घरी पाहिलेत.