निर्माल्यापासून कुंडीपर्यंत: इंदुरात खताची साखळी आणि दोघींची रोजी

बचत गटाने खत करायचं ठरवलं की पहिला प्रश्न सहसा "कचरा कुठून आणायचा?" असा असतो. सुरुवात उलट टोकाने करा. खत कोण घेणार, महिन्याला किती किलो आणि कोणत्या भावाने, हे आधी वहीत लिहा. कचरा इंदुरात कधीच कमी पडत नाही. खताच्या पिशव्या मात्र ग्राहकावाचून कोपऱ्यात पडून राहतात आणि तिथेच गट मोडतो.

दुसरी गोष्ट माल निवडण्याची. घरोघरच्या ओल्या कचऱ्याच्या मागे लागू नका. तो निगमची (महापालिकेची) गाडी वेगळा उचलते आणि त्यापासून गॅस बनवणाऱ्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमताच दिवसाला 550 टन आहे. त्या व्यवस्थेशी स्पर्धा करून गटाच्या हाती काही लागणार नाही. आपण असा माल घ्यावा जो आधीपासून बऱ्यापैकी एकजिनसी आहे आणि ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी मिळतो: देवळातलं निर्माल्य, कॉलनीच्या बागेतली वाळकी पानं, गोशाळेतलं शेण. तिन्ही ठिकाणच्या माणसांशी बोलणी करायची आणि निगमच्या झोन कार्यालयाला लेखी कळवायचं, म्हणजे पुढे उचलण्यावरून वाद होत नाहीत.

माप आधी, माणसं नंतर

सोयीसाठी एकच माप धरू: रोज 60 किलो निर्माल्य. हे तीन-चार देवळं आणि एखाद्या मंगल कार्यालयातून जमू शकतं, पण अंदाजावर जाऊ नका. सात दिवस ताणकाटा घेऊन वजन करा, त्यात मंगळवार, गुरुवार आणि चतुर्थी आली पाहिजे. 60 किलो निर्माल्यामागे 20 किलो चुरलेली वाळकी पानं आणि 6 किलो ताजं शेण लागतं. काटा जवळ नसेल तर एक बादली फुलं आणि एक बादली चुरलेली पानं, हे प्रमाण जवळपास तेच येतं.

तयार, चाळलेलं खत एकूण मालाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं धरा. म्हणजे रोजच्या 86 किलोमागे 28 किलो, महिन्याला सुमारे 850 किलो. किलोला 10 रुपये भाव धरला तर 8,500 रुपये. यात बारा जणींचा गट पोसला जाणार नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोला. बँक खातं, हिशेब आणि जबाबदारी गटाची, काम अर्ध्या दिवसाचं आणि ते दोघींनी करायचं. तिसरी ताई बदली म्हणून तयार ठेवायची.

नुसत्या खतावर या दोघींचंही भागत नाही. म्हणून साखळीला सेवेचा एक दुवा जोडा: गच्चीवरच्या कुंड्या आणि घरातली खताची टोपली सांभाळून देणं, महिन्यातून दोन फेऱ्या. सुदामानगर, लोकमान्यनगर अशा वस्त्यांत गच्चीवर कढीपत्ता, गवती चहा, तुळस लावणारी मराठी घरं पुष्कळ आहेत. 40 घरं, महिना 150 रुपये, म्हणजे 6,000. दोन्ही मिळून 14,500. त्यातून लोडिंग रिक्षाचे रोजचे 100 प्रमाणे 3,000 वजा केले की 11,500, म्हणजे एकीला पावणेसहा हजार. आकडे तुमच्या भागातल्या भावाप्रमाणे बदला, पण मांडणी हीच ठेवा.

पहिले साडेतीन महिने

ढीग रचायला 15 दिवस आणि मुरायला 90 दिवस लागतात. तोवर खताचा एक रुपया येत नाही, मजुरी आणि भाडं मात्र द्यावंच लागतं. दोघींना प्रत्येकी 5,000 आणि भाडं 3,000 धरलं तर महिना 13,000. सेवेचे 6,000 पहिल्या महिन्यापासून सुरू झाले तरी 7,000 ची तूट राहते, साडेतीन महिन्यांची 24,500.

ती भरून काढायला आगाऊ नोंदणी घ्या. मराठी मंडळं, भजनी मंडळं, भिशीचे गट इथे ओळखी आधीच असतात, नव्याने जाळं विणावं लागत नाही. 100 घरांकडून 20 किलो खतापोटी 200 रुपये घेतले की 20,000 जमतात, उरलेले गटाच्या अंतर्गत कर्जातून. मात्र हे पैसे कमाई समजू नका. ते 2,000 किलो खताचं देणं आहे. महिन्याला 300 किलोच्या हिशेबाने फेडा म्हणजे उरलेला माल रोखीने विकता येईल. सगळं खत आधी नोंदणीवाल्यांना वाटून टाकलं तर चौथ्या ते सहाव्या महिन्यात हात पुन्हा रिकामे होतात, आणि गट याच टप्प्यावर थांबू शकतो.

देवळाशी बोलणी

पुजाऱ्यांना दोन वेगवेगळे डबे द्या: एक फुलं, दूर्वा, बेल, तुळस यांच्यासाठी, दुसरा दोरा, जरीची चुनरी, प्लास्टिक, अगरबत्तीचे खोके आणि तेलाच्या वातींसाठी. वेळ घड्याळाची ठरवा, "सकाळी" असं नको. साडेसात म्हणजे साडेसात. दोन दिवस डबा भरून वाहिला तर पुजारीकाका तो निगमच्या गाडीत ओततात आणि त्यांचं काही चुकत नाही.

शेंदूर लावलेल्या मूर्तीवरची फुलं घेऊ नका. शेंदुरात शिसं असू शकतं आणि कुजवल्याने शिसं नाहीसं होत नाही. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात कंपोस्टमधल्या शिशाची मर्यादा किलोला 100 मिलिग्रॅम आहे. म्हणून मारुतीच्या देवळातलं निर्माल्य वेगळंच राहू द्या. गुरुजींना कारण नीट समजावून सांगितलं की ते स्वतःच डबा बाजूला ठेवतात.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, ठिकाण, वजन, बाजूला काढलेला कचरा, सही. बाजूला काढलेला कचरा 5 टक्क्यांवर गेला की त्याच दिवशी फोटो काढून कळवा. सलग तीनदा असं झालं तर ते ठिकाण महिनाभर थांबवा. एका देवळापायी दोघींचा सकाळचा एक तास दोरे सोडवण्यात जाणं परवडत नाही.

ढीग: इंदूरची स्वतःची पद्धत

इथे आपल्याला लांब जायला नको. 1924 ते 1931 या काळात इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी जी पद्धत बसवली, ती जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते. त्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. तिचं सार असं की हिरवं, वाळकं आणि शेण थरांत रचायचं, ओलावा राखायचा आणि तीनदा पालटायचं.

जागा साधारण 800 चौरस फूट, वर पत्रा किंवा ताडपत्री, खाली थोडा उतार. दर 15 दिवसांचा एक ढीग: 5 फूट रुंद, साडेतीन फूट उंच, 10 फूट लांब. तळाशी अर्धा फूट काटक्या, मग 4 इंच फुलं, 4 इंच पानं, वर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), असे थर. हार तोडूनच टाका, गोल हार आतून हवा लागू देत नाही. उंची तीन फुटांहून कमी राहिली तर ढीग तापत नाही, पाच फुटांच्या वर गेली तर तळ गुदमरतो.

पालटी ढीग रचून झाल्यापासून 15 व्या, 30 व्या आणि 60 व्या दिवशी. पहिल्या आठवड्यात ढिगात लोखंडी सळई खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग बरोबर चालला आहे. कोमट असेल तर पाणी किंवा शेण कमी पडलंय. मूठभर माल आवळल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पानं घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. अमोनियाचा उग्र वास आला तर पानं कमी पडली. आंबूस, नासका वास म्हणजे हवा नाही, पालटीची तारीख न बघता लगेच पालटा.

गांडुळं घालायची असतील तर 30 व्या दिवसानंतर, ढीग थंड झाल्यावरच. तापलेल्या ढिगात ती मरतात. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सावली आणि ओलं गोणपाट नसेल तर गांडुळांचे वाफेही वाचत नाहीत. पहिलं वर्ष गांडुळांशिवाय काढणं बरं.

90 दिवसांनी 4 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा आणि सावलीत सुकवा. ऊन देऊ नका. मग एका ताटलीत खत आणि दुसरीत माती घेऊन मेथीचे दहा-दहा दाणे पेरा. खतातले दाणे मातीतल्याइतके उगवले नाहीत तर खत कच्चं आहे, आणखी 15 दिवस राहू द्या. कच्चं खत एकदा विकलं आणि कुणाची तुळस पिवळी पडली की ती बातमी अख्ख्या कॉलनीत फिरते.

माळव्याची काळी माती कुंडीत दगडासारखी घट्ट होते. म्हणून ग्राहकाला नुसतं खत देण्यापेक्षा तयार मिश्रण द्या: माती 2 भाग, खत 2 भाग, नारळाचा भुसा 1, वाळू 1. नर्सरीवालेही हेच मागतात. स्वतःचं नाव छापून दुकानांतून विकायचं असेल तर आधी जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात परवान्याची चौकशी करा, कारण खत नियंत्रण आदेश 1985 सेंद्रिय खतालाही लागू आहे.

पानांची बेगमी

साखळी तुटण्याची सगळ्यात मोठी जागा इथे आहे. फुलांचा हंगाम श्रावण ते दिवाळी, आणि पानगळ मात्र फाल्गुन-चैत्रात. मध्य जुलै ते मध्य नोव्हेंबरच्या साधारण 120 दिवसांना रोज 20 किलो म्हणजे 2,400 किलो पानं लागतात. एका मोठ्या गोणीत चुरलेली पानं 8 ते 10 किलो मावतात, तेव्हा 240 ते 300 गोण्या आणि त्या कोरड्या ठेवायची खोली. होळीच्या आधीच कॉलनीच्या माळ्यांशी ठरवा, गोणीमागे काहीतरी द्या, आणि खोलीसाठी मंडळाला विचारा. पावसाळ्यात पानं नसतील तर फुलांचा चिखल होतो, मग कितीही पालटी करा, ढीग तापत नाही.

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत निर्माल्य कितीतरी पटीने वाढतं. तेव्हा सगळं घेण्याचा मोह धरू नका. आधीच ठरवलेल्या मंडळांपुरतंच घ्या, बाकीच्यांना पंधरा दिवस आधी नम्रपणे नाही म्हणा, आणि रिक्षावाल्या दादांची दुसरी फेरी पैसे देऊन पक्की करून ठेवा.