नाताळच्या मसाला-चॉकलेट कुकीज: गोव्याच्या हवेत या चुका टाळा

डिसेंबरच्या दुपारी फोंड्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात पारा ३१-३२ अंशांवर असतो. ओव्हन लावला की आणखी वर. आणि कृतीत लिहिलेलं असतं, ‘बटर खोलीच्या तापमानाला येऊ द्या’. ती खोली थंड देशातली असते, १८ ते २० अंशांची. आपण तेच वाक्य प्रमाण मानून बटर तासभर ओट्यावर ठेवतो आणि ते मऊ होण्याऐवजी वितळू लागतं. कुकीज बिघडल्या म्हणून मैत्रिणी फोन करतात, तेव्हा मी पहिला प्रश्न बटरचाच विचारते. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

कारण साधं आहे. बटर आणि साखर फेटताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे धरले जातात. वितळलेलं बटर हवा धरत नाही. शिवाय असं पीठ ओव्हनमध्ये गेलं की मैदा घट्ट होण्याआधीच बटर वाहायला लागतं. कापलेली चांदणी बाहेर येते ती कोपरे गेलेली, पुरीसारखी गोल. म्हणून बटर फ्रिजमधून काढा, लगेच छोटे तुकडे करा आणि आठ-दहा मिनिटं थांबा. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बोट तेलकट चकचकीत व्हायला नको. फेटता फेटता सैल झालंच, तर भांडं वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. पीठ पातळ वाटतं म्हणून वरून मैदा टाकण्याचा मोह आवरा. मग कुकी पसरत नाही हे खरं, पण थंड झाल्यावर दाताला लाकडासारखी लागते.

मी २२५ ग्रॅम मैद्याला ४० ग्रॅम कोको, १२५ ग्रॅम बिनमिठाचं बटर, एकूण १२५ ग्रॅम गोड (साखर आणि गूळ मिळून), एक अंडं, पाव चमचा बेकिंग सोडा आणि चिमूटभर मीठ घेते. सगळं वजन करून. मैद्याचा कप चेपून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो, चमच्याने हलका भरला तर १२० च्या आसपास. चेपून भरलेल्या दोन कपांत साठेक ग्रॅम मैदा जास्त पडतो आणि कुकी कोरडी होते. ज्यांच्याकडे अंडं चालत नाही, किंवा सोमवारी चालत नाही, त्यांच्यासाठी अंड्याऐवजी तीन मोठे चमचे थंड दूध घालते. कुकी थोडी जास्त खुसखुशीत होते, इतकाच फरक.

बटरइतकाच गोंधळ मसाल्यांत होतो. घरचा गरम मसाला कुकीत घालू नका. त्यात धणे, जिरे असतात आणि चॉकलेटशेजारी ते भाजीसारखे वास मारतात. माझं प्रमाण असं: दालचिनी दीड छोटा चमचा, सुंठ एक, जायफळ, मिरी आणि लवंग प्रत्येकी पाव. लवंगेचा चमचा सपाटच हवा. एका वर्षी मी लवंग अंदाजाने घातली आणि बशीभर कुकीज शेजारच्या आंटींकडे नेल्या. त्यांनी एक तुकडा चावला, डोळे बारीक केले आणि मायेनेच विचारलं, “हातूंत चॉकलेट खंय आसा गो?” (यात चॉकलेट कुठे आहे गं?) त्या दिवसापासून मी लवंग मोजूनच घालते.

मसाला ताजा कुटा आणि बारीक चाळणीतून चाळा, नाहीतर दालचिनीचे कण दातात खरखरतात. बाजारात दालचिनी म्हणून जाड सालीची कॅशिया बरेचदा मिळते. तिचा जोर जास्त असतो, तेव्हा दीड चमच्याचा सव्वा करा. जायफळाच्या बाबतीत आपण गोवेकर भाग्यवान आहोत. सावईवेरे, केरीच्या कुळागरांत (सुपारी-मसाल्यांच्या बागांत) ते आपल्याच मातीत पिकतं. अख्खं आणा आणि ऐन वेळी किसा. महिनोन् महिने डबीत पडलेल्या पुडीत रंग उरतो, वास नाही. आणि हे मसाले मैद्यात मिसळण्यापेक्षा बटर फेटतानाच त्यात घाला. त्यांचा सुवास स्निग्ध पदार्थात उतरतो. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की दुसऱ्या दिवशी चव एकजीव झालेली असते.

चॉकलेटची चव फिकी लागली तर डबा तपासा. ड्रिंकिंग चॉकलेट म्हणजे कोको पावडर नव्हे, त्यात साखरच जास्त असते. कोकोतही दोन प्रकार आहेत. साधा कोको आम्लधर्मी असतो आणि बेकिंग सोड्याबरोबर काम करतो. डच-प्रोसेस्ड कोकोतलं आम्ल काढलेलं असतं, त्याला बेकिंग पावडर लागते. सोडा घालून कुकीला साबणासारखी चव आली, तर बहुधा कोकोची जात आणि सोडा यांचं जमलेलं नाही.

माडाच्या गुळाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. परदेशी कृतींत काळी काकवी असते. ती इथे शोधत फिरण्यापेक्षा आपला माडाचा काळा गूळ वापरा, ज्याने दोदोल या आपल्या मऊ मिठाईला तो रंग आणि तो धुरकट गोडवा येतो. मसाला आणि कोको दोघांशीही त्याचं छान जुळतं. चूक होते ती उत्साहात सगळी साखर काढून फक्त गूळ घालण्याची. गूळ हवेतलं पाणी ओढतो. कुकी पसरते आणि दुसऱ्याच दिवशी मऊ पडते. १२५ ग्रॅम गोडातला ५० ग्रॅमच गूळ असू द्या, बाकी साखर. आधी चमचाभर पाण्यात मंद आचेवर विरघळवून गाळून घ्या, त्यात कचरा आणि वाळूचे कण असू शकतात. पूर्ण थंड झाल्यावरच बटरमध्ये घाला. कोमट गूळ घातला की वरची सगळी मेहनत वाया जाते.

लाटताना मैदा भुरभुरू नका. काळ्या कुकीवर पांढरे डाग राहतात आणि भाजल्यावरही जात नाहीत. दोन बटर पेपरच्या मध्ये पीठ ठेवून ५ मिलिमीटर जाड लाटा, किंवा भुरभुरायला कोकोच घ्या. आधी लाटून मग पोळी तशीच फ्रिजमध्ये ठेवली तर काम सोपं होतं, थंडगार गोळा लाटायला हात दुखतात. कापलेले आकार ट्रेसकट दहा मिनिटं फ्रीझरमध्ये, मग थेट ओव्हनमध्ये.

ओटीजी (ओट्यावरचा छोटा ओव्हन) पंधरा मिनिटं आधी तापवा. १७० अंशांवर १० ते १२ मिनिटं पुरतात. साध्या बिस्किटाला तांबूस रंग बघता येतो, ही आधीच काळी असते, त्यामुळे जळेपर्यंत कळत नाही. कडा घट्ट, मध्यभाग अजून किंचित मऊ आणि घरभर चॉकलेटचा वास, की बाहेर काढा. ट्रेवर पाच मिनिटांत ती आपोआप कडक होते. ‘अजून मऊ आहे’ म्हणून चार मिनिटं वाढवणं ही ओव्हनमधली सगळ्यात महागडी चूक. दुसरी चूक म्हणजे गरम ट्रेवरच पुढचा घाणा मांडणं. ट्रे पूर्ण निवू द्या.

आता सजावट. आपली दमट हवा खरी परीक्षा घेते ती इथे.

रॉयल आयसिंगसाठी, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या साखरेच्या नक्षीसाठी, एका अंड्याच्या पांढऱ्याला साधारण २२५ ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाचे चार थेंब. मिक्सरवर वाटलेली घरची पिठीसाखर कणीदार राहते आणि आयसिंग घालायच्या कोनाच्या तोंडाशी अडकते, निदान दोनदा चाळा. लहान मुलं, वयस्कर माणसं, गरोदर बाई खाणार असेल तर कच्चं अंडं नको, मेरिंग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्याची पूड) आणा. दाटपणा असा बघा: सुरीने आयसिंगमध्ये रेघ मारा आणि आकडे मोजा. पंधरापर्यंत रेघ मिटली तर भरायला योग्य. पाचात मिटली तर कडेवरून ओघळणार, त्यात साखर घाला. मिटलीच नाही तर पाणी घाला, पण थेंबाथेंबाने. वीस मिनिटं झाकून ठेवलं की बुडबुडे वर येतात, उरलेले टाचणीने फोडा.

कोमट कुकीवर आयसिंग घालू नका, बटर वर येऊन पिवळट डाग पडतात. तांबड्या रंगाशेजारी पांढरा भरायचा असेल तर पहिला पूर्ण सुकू द्या आणि जेल रंगच वापरा, पाण्यासारखे रंग आयसिंग पातळ करतात. सुकायला आपल्याकडे आठ ते बारा तास धरा, पंख्याखाली. एसी असेल तर त्या खोलीत. आणि आयसिंग लावलेली कुकी कधीही फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं, रंग एकमेकांत मिसळतात, रात्रभराची नक्षी पाच मिनिटांत जाते. ताडाच्या झाडाची नक्षी काढलेल्या माझ्या दोन डझन कुकीज अशा गेल्या आहेत, झाडांचा हिरवा रंग पार खाली रंगवलेल्या वाळूत उतरला होता.

चॉकलेटमध्ये बुडवणार असाल तर एकच थेंब पाणी घात करतं. ओला चमचा, डबल बॉयलरची वाफ, काहीही पुरतं. चॉकलेट गोळा होतं, रवाळ होतं. अशा वेळी फेकू नका. गरम दूध चमचा चमचा घालत ढवळा, त्याचं मऊ गनाश, म्हणजे चॉकलेटचं सारण होतं. ते बुडवायला चालणार नाही, दोन कुकीजमध्ये भरायला उत्तम. खरं कुव्हर्चर (कोको बटरचं अस्सल चॉकलेट) नीट टेंपर केलं (डार्क असेल तर ४५ अंशांपर्यंत वितळवून, २८ पर्यंत उतरवून, पुन्हा ३१ वर आणून) तरी ३२ अंशांच्या दुपारी ते ताटलीतच मऊ पडतं. कोको बटरऐवजी दुसरी चरबी घातलेलं कंपाउंड चॉकलेट टिकतं, पण तोंडात मेणासारखं रेंगाळतं आणि मला ते आवडत नाही. म्हणून घरी खायच्या कुकीज मी कुव्हर्चरमध्ये बुडवते. स्कूटरवरून पणजीपर्यंत जायच्या असतील त्यांना आयसिंग लावते.

डबा भरायची घाई नको. गरम कुकी बंद केली की वाफेने सगळा डबा सादळतो. निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवा. सादळल्याच आणि सजवलेल्या नसतील, तर १५० अंशांवर पाच मिनिटं गरम करून गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात. कुस्वाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या तबकात दोदोल आणि थरांची बेबिंका असतात, दोन्ही ओलसर आणि तुपाळ. त्यांना चिकटून कुकी ठेवली तर तासाभरात मऊ पडते आणि आयसिंगला तेलाचे डाग येतात. तिला बोलिन्हांच्या (नारळाच्या बिस्किटांच्या) आणि तळलेल्या कुलकुलांच्या बाजूला, कागदी वाटीत ठेवा. आणि तबक घेऊन निघायच्या अर्धा तास आधी डब्यातून काढा, त्याआधी नाही.