ट्विटरवरून मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड कसं हलवायचं

30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं आणि तिथे जमलेली माणसं पांगली. जुलै 2024 मध्ये ट्विटरसारखं भारतीय ॲप ‘कू’ बंद झालं, तेव्हाही तेच. कोणाला फॉलो करत होतो, कोण आपलं वाचत होतं, हे सगळं त्या एका जागेसोबत गेलं. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, तसं बंद पडेल असं मी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं जोडलेली माणसं एकाच कंपनीच्या कुलपात ठेवणं मला पटेनासं झालं, म्हणून मी मॅस्टोडॉनवर गेले. हे काम एका बैठकीत उरकू नका, निदान महिनाभर द्या.

मॅस्टोडॉन हे जर्मनीतल्या ऑयगेन रोखको यांनी 2016 मध्ये सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. ते कोणीही आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं, आणि हे सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाच्या सामायिक नियमांनी एकमेकांशी बोलतात. रेडिफमेलवाल्याचं पत्र जीमेलवाल्याला पोचतं, तसंच. म्हणून इथला पत्ताही ईमेलसारखाच दोन भागांचा असतो: आधी तुमचं नाव, मग सर्व्हरचं.

निघण्याआधी

एक्सच्या सेटिंगमध्ये आपल्या डेटाचं आर्काइव्ह मागवा. ते तयार व्हायला एक दिवस किंवा जास्तही लागतो. आलेली झिप फाइल उघडली की तुमच्या जुन्या पोस्ट ब्राउझरमध्ये वाचता येतात. त्या मॅस्टोडॉनवर नेता येत नाहीत, पण तुमच्याजवळ राहतात.

मात्र त्या आर्काइव्हमध्ये तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची नावं नसतात, नुसते खात्यांचे क्रमांक असतात. म्हणून एक वही घ्या आणि ज्यांचं लिहिणं चुकलं तर खरंच चुकचुकेल अशा माणसांची नावं हाताने लिहून काढा. मी पाचशेहून जास्त जणांना फॉलो करत होते. वहीत त्रेसष्ट नावं उतरली. ती वही हाच माझा खरा ऐवज निघाला.

सर्व्हर निवडताना

बहुतेक जण इथेच अडतात. फार विचार करू नका, सर्व्हर नंतर बदलता येतो. अधिकृत ॲप मॅस्टोडॉन डॉट सोशल हा मोठा सर्व्हर सुचवतं, तोही चालेल. लहान सर्व्हरवर जायचं असेल तर त्याचे नियम आधी वाचा: द्वेषाच्या भाषेवर कारवाई होते का, खर्च कोण करतं. जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्गवरच्या यादीतल्या सर्व्हरांनी रोज बॅकअप घेण्याचं आणि बंद करण्याआधी किमान तीन महिने कळवण्याचं वचन दिलेलं असतं. मी असाच सर्व्हर निवडेन.

खातं उघडलं की आधी ओळख लिहा, फोटो लावा. कोऱ्या खात्याला कोणी फॉलो करत नाही. सेटिंगमध्ये पोस्टची भाषा मराठी ठेवा, कारण इथे वाचणारे भाषेनुसार पोस्ट चाळू शकतात. आपल्या पोस्ट शोधात दिसू देण्याची परवानगीही तिथेच द्यावी लागते. दिली नाही तर हॅशटॅगशिवाय त्या सापडत नाहीत.

पहिले पंधरा दिवस

2019 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं, तेव्हा भारतातून खूप लोक मॅस्टोडॉनवर आले. बरेच जण परतही गेले. मला त्याचं नवल वाटत नाही. इथे तुमच्यासमोर काही आणून टाकणारा अल्गोरिदम नाही. ज्यांना फॉलो कराल त्यांचंच दिसतं, लिहिलं त्या क्रमाने. कोणालाच फॉलो केलं नाही तर ओसरी रिकामीच राहणार.

म्हणून आधी वहीतली नावं शोधा. मग हॅशटॅग फॉलो करा. इथे माणसांसारखेच तेही फॉलो करता येतात. मी #मराठी आणि #पक्षी यांपासून सुरुवात केली. आवडलेलं बूस्ट करा, म्हणजे आपल्या फॉलोअरांकडे पुढे पाठवा. नुसतं लाइक केलं तर लिहिणाऱ्याला कळतं, पण पोस्ट पुढे जात नाही. आणि उत्तरं द्या, कारण इथली ओळख उत्तरांतूनच वाढते.

पहिल्याच आठवड्यात मी भिगवणच्या रोहित पक्ष्यांचा फोटो टाकला. तासाभरात एका अनोळखी माणसाचा निरोप आला: मला दिसत नाही, फोटोत काय आहे ते लिहाल का? मी लिहिलं, ‘उथळ पाण्यात एका रांगेत अकरा रोहित, दहांच्या माना पाण्यात, एकाची वर. मागे होडी.’ त्यांनी विचारलं, होडीत कोणी आहे का? मी फोटो मोठा करून पाहिला. होडीत एक मुलगा होता, तो मलाही दिसला नव्हता. तेव्हापासून वर्णनाशिवाय एकही फोटो टाकलेला नाही. फोटो जोडताना त्यासाठी वेगळी चौकट असते.

एका बाबतीत मात्र सावध राहा. इथले खासगी निरोप कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणारा ते वाचू शकतो. घरचा पत्ता, फोन नंबर, जिवाभावाचं बोलणं यासाठी सिग्नल हे कुलूपबंद निरोपांचं ॲप वापरा.

जुनं खातं

लगेच मोडू नका. ओळखीच्या ओळीत नवा पत्ता लिहा, एक पोस्ट वर पिन करा आणि राहू द्या. एक्सवरचं खातं बंद केलं की 30 दिवसांनी ते पुसलं जातं, आणि मग तुमच्या नावाने दुसरं कोणी बसू शकतं.

पुन्हा हलायचं झालं तर

सर्व्हर पटला नाही तर नव्या सर्व्हरवर खातं उघडून तिथे जुन्याचा पत्ता नोंदवा, मग जुन्या खात्यातून ‘स्थलांतर’ निवडा. फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे येतात. पोस्ट जुन्या जागीच राहतात आणि पुढचे 30 दिवस पुन्हा हलता येत नाही. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी मात्र सीएसव्ही फाइलमधून स्वतः न्यावी लागते. सर्व्हर अचानक बंद पडला तर ती फाइल काढायलाही मिळणार नाही, म्हणून मी दर महिन्याच्या एक तारखेला ती उतरवून घेते. फोनवर गजर लावला आहे, जेमतेम दोन मिनिटांचं काम.