स्नॉर्कल बसवताय? या चुका टाळा

खडकवासल्यातून विसर्ग वाढून भिडे पूल पाण्याखाली गेला, की ओळखीतला एखादा थारवाला हमखास विचारतो, "स्नॉर्कल बसवू का?" म्हणजे इंजिनाला हवा छपराच्या उंचीवरून देणारा पाइप. बसवा की. पण छपरापर्यंत नेलेल्या त्या रुबाबदार पाइपाकडे बघून हुरळू नका. पाणी शिरतं ते खालून, बॉनेटमधल्या जोडांतून.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचा तळ. आत आलेलं पावसाचं पाणी गळून जावं म्हणून तिथे बऱ्याच गाड्यांना एक बारीक भोक किंवा रबराचा चिमटीएवढा व्हॉल्व्ह असतो. ओढ्यात डबा बुडाला की त्याच वाटेने पाणी आत. म्हणजे पाइप छपरावर आणि भोक बंपरच्या उंचीला! ते बंद करा, पण मग मोठ्या पावसानंतर डबा उघडून आत पाणी साचलंय का ते बघायची सवय लावून घ्या.

काम झालं की गॅरेजमधून निघण्याआधी एक परीक्षा घ्या. इंजिन आयडलला ठेवून स्नॉर्कलचं तोंड सपाट फळीने गच्च झाका. (फडकं नको, आत ओढलं जातं.) इंजिन घुसमटून बंद पडायला हवं. आरामात चालत राहिलं, तर कुठूनतरी हवा येतेय, आणि जिथून हवा तिथून पाणी. बॉनेट उघडून कान लावा. 'सुस्स' आवाज बहुतेक रबरी होजच्या क्लिपपाशी सापडतो. त्यावर सिलिकॉनचे थर चोपडणं हा उपाय नाही. होज नीट बसवा, क्लिप आवळा, मग सांध्यावर पातळ सिलिकॉन लावून रात्रभर सुकू द्या.

पाइप आत घ्यायला फेंडरचा (पुढच्या चाकावरचा) पत्रा कापताना घाई माझ्याकडूनही झाली आहे. कागदी साचा चिकटवला, होल सॉ फिरवला, कडेला रंगाचा एक हात मारला आणि खूश झालो. लोखंडाचा कीस मात्र फेंडरच्या कोपऱ्यात तसाच राहिला. गणपतीच्या आधी गाडी धुताना बघतो, तर खालच्या शिवणीतून तांबूस ओघळ. तेव्हापासून क्रम ठरलेला: आतल्या वायरी आणि वॉशरची नळी बाजूला, आधी बारीक भोक, मग मोठं, कड कानसून गुळगुळीत, चुंबक फिरवून कीस गोळा, प्राइमर, मग रंगाचे दोन हात. साचा तुमच्याच मॉडेलचा आणि इंजिनाचा आहे ना, हे कापायच्या आधी बघा. भोक परत बुजवता येत नाही.

तोंड कुठे ठेवायचं यावर वाद घालणारे भेटतील. पाणी बाहेर टाकायच्या फटी असलेलं हेड (पाइपाचं वरचं टोक) पुढे तोंड करून चालतं, फक्त फटी चिखलाने बुजू देऊ नका. उन्हाळ्यात दुसऱ्या गाडीच्या धुरळ्यामागून जायचं असेल, तर ते मागे फिरवा.

स्नॉर्कलमुळे गाडीची पाण्यात उतरायची मर्यादा वाढत नाही. नव्या थारला कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. पाइप लावल्यावरही तेच. अल्टरनेटर, वायरिंग, दारांची रबरं आहेत तिथेच राहतात. तापलेला डिफरन्शियल (अॅक्सलवरचा, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे त्याच्या हवा जाण्यायेण्याच्या भोकातून, पाणी खेचलं जातं. ब्रीदरच्या नळ्या वर न्या. डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते लगेच बदला. वाहत्या पाण्यात तर उतरूच नका. तिथे गाडी बंद पडायच्या आधी वाहून जाते.

कागदपत्रांचंही बघा. फोर्सच्या गुरखा गाडीला स्नॉर्कल कंपनीकडूनच येतो, पण नंतर बाहेरून बसवलेल्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबाबतचं) आडवं येऊ शकतं. विमा कंपनी आणि आरटीओला आधी विचारा, विमावाल्यांचं उत्तर लेखी घ्या.

आणि एवढं करूनही इंजिन पाण्यात बंद पडलं, तर किल्लीला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून कोरड्यावर काढा आणि आधी एअर फिल्टर उघडा. कागद ओला लागला तर थेट मेकॅनिककडे टो करून न्या.