कळा सुरू झाल्यावर 'आय अ‍ॅम फाइन' म्हणू नका

मी इंग्लंडमधल्या रेडिंगला आले तेव्हा पाचवा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, असं आमच्याकडे ठरलेलं. पण नवऱ्याचं काम सुटेना आणि आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. नंतर ओळखीतल्या कितीतरी मुली मी अडखळले तिथेच अडखळताना पाहिल्या, म्हणून हे लिहिते आहे.

रात्रभर कळा सोसून दवाखान्यात पोचले. मिडवाइफने, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित सुइणीने, विचारलं, कसं वाटतंय? मी हसून म्हणाले, "आय अ‍ॅम फाइन." बाळंतिणीने आरडाओरडा करू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. तिने ते खरं मानलं आणि शेजारच्या खोलीत गेली. कळा सोसायला बसतात तो पाण्याचा टब मोकळा होता, बसून झुलायचा मोठा चेंडू कोपऱ्यात होता. मी मागितलं नाही म्हणून कुणी दिलं नाही. आठ तास उताणी पडून काढले. कमरेचं दुखणं त्यानेच वाढलं, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं.

इथे तुम्ही तोंडाने सांगाल तेच धरलं जातं. त्यांना आपल्या चेहऱ्यावरचा संकोच वाचता येत नाही. तेव्हा दुखतंय तर दुखतंय म्हणा, कुठे दुखतंय ते सांगा, आणि काय हवंय ते मागा. इंग्रजी सुचणार नसेल तर दुभाषी मिळतो, तोही आधीपासून मागून ठेवा. बर्थ प्लॅनच्या, म्हणजे बाळंतपणात काय हवं-नको ते लिहून देतो त्या कागदाच्या, पहिल्याच ओळीत लिहा: मी गप्प असले तरी मला दुखत असतं, मला पुन्हा विचारा. हे मी प्रत्येकीला सांगते आणि सांगतच राहणार.

आता औषधाशिवायचे उपाय. माझ्या अनुभवात पाण्याइतका आराम कशानेच मिळाला नाही. कोमट पाण्यात अंग हलकं होतं, कूस बदलता येते. पाणी ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत, आणि मिडवाइफ तासातासाला पाण्याचं आणि तुमचं तापमान पाहते. पेथिडिनसारखं दुखणं कमी करणारं गुंगीचं इंजेक्शन घेतलं की निदान दोन तास टबात उतरता येत नाही, म्हणून क्रम आधी ठरवा. टब मोजके असतात. निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन कराल तेव्हाच मागा. गर्भारपणात काही गुंतागुंत असेल तर पाण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

टेन्स नावाचं, सौम्य विजेने दुखणं कमी करायचं यंत्र भाड्याने मिळतं. पाठीला चिकटपट्ट्या, त्यातून बारीक झिणझिण्या. कळा जोरात आल्यावर त्याचा उपयोग होतो याला फारसा पुरावा नाही. घरी, सुरुवातीच्या कळांमध्ये मला बरं वाटलं. पाण्यात ते अजिबात लावायचं नाही. पेसमेकर किंवा अपस्मार असेल तर विचारल्याशिवाय नको.

नवऱ्याला कामाला लावा. कळ आली की तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वर घट्ट दाबून धरायचं, कळ ओसरली की सोडायचं. माझ्या नवऱ्याने हे दुसऱ्या वेळी शिकून घेतलं आणि दोघांचंही धैर्य टिकलं. आई किंवा सासूबाई येणार असतील तर त्यांनाही शिकवा. सतत कुणीतरी जवळ असलं की बाईला औषधं कमी लागतात, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे.

कमरेतच कळा येत असतील तर निर्जंतुक पाण्याच्या टोचण्यांबद्दल विचारा. पाठीच्या खालच्या भागात कातडीखाली नुसतं पाणी टोचतात, औषध नसतं. टोचताना चांगलीच आग होते, मग तीन तासांपर्यंत आराम मिळू शकतो. सगळीकडे करत नाहीत.

हिप्नोबर्थिंगच्या, म्हणजे श्वास आणि मन शांत ठेवून कळा सोसायला शिकवणाऱ्या, महागड्या वर्गांना आपल्या मुली भराभर पैसे भरतात. तुम्हाला दीर्घ श्वसन येत असेल तर निम्मं काम झालेलं आहे. एरंडेल मात्र कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका. सुगंधी तेलंही मिडवाइफला विचारूनच.

'मी काहीच न घेता बाळंत झाले' असं मिरवणाऱ्या काही जणी आपल्यातच भेटतील. त्यांच्यासमोर मान खाली घालू नका. एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ देतात ते कंबरेखाली बधीर करणारं औषध, मागावंसं वाटलं तर मागा, मीही दुसऱ्या वेळी पहाटे चारला मागितलं.

आणि अंगावरून पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळा मोजत बसू नका. रात्री तीनलासुद्धा दवाखान्याच्या प्रसूती विभागाला फोन करा. तो नंबर फ्रिजवर लावून ठेवा.