एकच स्पोर्ट्स कार, रस्त्यावर आणि ट्रॅकवर: टायर कसे निवडाल

पुण्या-मुंबईच्या माणसाला आपली स्पोर्ट्स कार मोठ्या ट्रॅकवर न्यायची असली, की बहुतेक वेळा कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट गाठावं लागतं. उत्तरेला ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. यातल्या कुठेही जा, पुण्याहून एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरच्या वरच. ट्रॅकवर मात्र दिवसभरात गाडी शंभर-दीडशे किलोमीटर पळाली तरी खूप झालं.

तरीही टायर घेताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ते शंभर किलोमीटरच असतात. मला हे उलटं वाटतं. ट्रॅकवर ग्रिप कमी पडली तर लॅपमागे, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक फेरीमागे, दोन सेकंद जातात. परतीच्या वाटेवर, रात्री, भर पावसात ती कमी पडली तर काय जाईल ते सांगता येत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या मी परतीचा रस्ता आधी धरून मांडल्या आहेत. उदाहरणाला पोर्शे ७१८ केमन घेतली आहे, पण रीत कुठल्याही गाडीला लागू पडते.

पायरी १: वर्षाचा हिशेब कागदावर मांडा

वर्षात ट्रॅकचे दिवस किती? गाडी तिथवर स्वतः चालवत नेणार की कॅरियरवर चढवून पाठवणार? पावसाळ्यात ती बाहेर निघते का? वर्षाला दोन-तीन ट्रॅक दिवस आणि गाडी चालवतच नेणार, असं उत्तर आलं तर निम्मा निर्णय झाला: रस्त्यासाठीचे उत्तम उन्हाळी परफॉर्मन्स टायर (उन्हाळी म्हणजे बर्फाळ हिवाळ्यासाठी नसलेले, पावसात चालणारे). आठ-दहा दिवस ट्रॅकवर जात असाल तर रिमसकट दुसरा संच घ्या. एकाच संचाकडून दोन्ही कामं करून घेण्याचा आग्रह तिथे महाग पडतो, कारण ट्रॅकवर खांदे (नक्षी जिथे कडेला मिळते तो भाग) उडालेला टायर रस्त्यावरही बदलावाच लागतो.

पावसाची एक गोष्ट आपल्याकडची माणसं हमखास विसरतात. दसरा झाला की महाराष्ट्रात पाऊस संपला असं आपण धरतो. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मान्सूनचा काळ. दिवाळीच्या सुट्टीत चेन्नई किंवा कोइंबतूरला निघालात, तर घरून कोरड्या रस्त्यावर निघून पुढे धो धो पावसात शिराल.

पायरी २: टायरच्या कडेवरचे आकडे वाचा

समजा लिहिलंय २३५/४० झेडआर १९ ९६ वाय. रुंदी २३५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ४० टक्के म्हणजे ९४ मिलिमीटर, झेडआर म्हणजे वेगवान गाडीसाठीचा रेडियल टायर, रिम १९ इंची. ९६ हा भारांक: एका टायरने ७१० किलो पेलावेत. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. डब्ल्यू असेल तर २७०, व्ही असेल तर २४०. भारांक आणि वेगाचं अक्षर कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली कधीच उतरू नका, दुकानदार कितीही म्हणाला की चालतंय.

पोर्शेच्या बाबतीत एन हे अक्षर आणि पुढे एखादा आकडा दिसला तर तो टायर पोर्शेने त्या गाडीसाठी तपासून मान्य केलेला असतो. एन असलेले आणि नसलेले टायर एकत्र लावू नका. मुळात चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हवेत. पुढे एक आणि मागे दुसरंच लावलेली गाडी शहरात नीट वागते आणि ट्रॅकवरच्या वेगवान वळणात अचानक मागून सुटते.

डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर मी ट्रॅकवर नेत नाही. रबर आतून कडक झालेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

पायरी ३: आपला गट ओळखा

ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. १०० अंकांच्या नमुना टायरच्या तुलनेत हा किती टिकेल, याचा तो अंदाज. तो प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून भांडण्यात अर्थ नाही. पण गट ओळखायला तो कामी येतो.

साधारण २४० ते ३०० च्या आसपास येतात रस्त्याचे परफॉर्मन्स टायर: मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेंझा स्पोर्ट. २०० च्या आसपास ट्रॅककडे झुकलेले: ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा अॅडव्हान निओव्हा एडी०९, हँकूक व्हेंटस आरएस४. त्याही खाली सेमी-स्लिक: मिशलिन पायलट स्पोर्ट कप २, टोयो आर८८८आर. यांना रस्त्याची परवानगी असते, पण नक्षी नावापुरतीच.

हा फरक कशामुळे पडतो तेही समजून घ्या, कारण निवड त्यावरच उभी आहे. वळणात टायर रस्त्याला धरतो तेव्हा रबर सतत दबतं, ताणलं जातं आणि त्यातून उष्णता तयार होते. रस्त्याच्या टायरचं रबर कमी तापमानातही चिकटतं, म्हणून घरातून निघाल्या निघाल्या ग्रिप मिळते. पण ट्रॅकवर तीन-चार लॅपनंतर ते गरजेपेक्षा जास्त तापतं, गाडी तेलकट फरशीवर असल्यासारखी सरकायला लागते. शिवाय आठ मिलिमीटर उंचीचे नक्षीचे ठोकळे वळणात लवतात, त्याने आणखी उष्णता, आणि शेवटी खांद्यावरचे तुकडेच निघून येतात. सेमी-स्लिकचे ठोकळे मोठे आणि उंचीने कमी. ते लवत नाहीत, तापूनही टिकतात. उलट थंड असताना त्यांची पकड कमी असते, आणि साचलेलं पाणी बाहेर फेकायला त्यांच्याकडे वाटच नसते. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. २६५ रुंदीचा, अर्धा झिजलेला सेमी-स्लिक घेऊन जुलैत द्रुतगती महामार्गावर उतरणं मला कोणत्याही कौशल्याच्या बळावर मान्य नाही.

म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी माझं मत ठाम आहे: ३०० च्या गटातले टायर घ्या. ते सुटण्याआधी ओरडून सांगतात, हळूहळू सुटतात, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं. सेमी-स्लिक उशिरापर्यंत धरून ठेवतात, मग चूक होते ती मोठ्या वेगात.

पायरी ४: भारतात मिळतं काय, ते आधी पाहा

जून २०२० पासून भारतात नव्या टायरांची आयात मुक्त राहिलेली नाही, परवान्यावर गेली आहे. त्यामुळे परदेशी चाचण्या वाचून मॉडेल ठरवायचं आणि मग शोधत फिरायचं, हा क्रम इथे उपयोगाचा नाही. आधी आपल्या मापात काय आणि किती दिवसांत मिळेल ते दोन-तीन दुकानांतून लेखी घ्या, त्यातून निवडा. चारही टायर एकदमच मागवा. मागचे दोन नंतर घेऊ म्हणाल तर तेच मॉडेल पुन्हा मिळेलच असं नाही. कडेवर आयएसआयचं चिन्ह पाहा. अपोलोच्या मालकीच्या व्रेडेस्टाइनकडेही या वर्गातले टायर आहेत, तुमचं माप असेल तर त्यांचाही विचार करा.

पायरी ५: रिम एक इंच लहान करता येते का?

७१८ केमनला १९ इंची रिमवर पुढे २३५/४० आणि मागे २६५/४० टायर येतात. हीच गाडी १८ इंची रिमवर २३५/४५ आणि २६५/४५ मापातही येते. हिशेब करा: पुढच्या टायरचा व्यास पहिल्या मापात ६७०.६ मिलिमीटर, दुसऱ्यात ६६८.७. फरक दोन मिलिमीटरचा. स्पीडोमीटर, एबीएस, गिअर, कशालाही पत्ता लागणार नाही. कड मात्र १२ मिलिमीटरने उंच होते, आणि आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत तेवढ्यानेच रिम वाचते. ब्रेक कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) आत बसतो की नाही, हे मात्र रिम विकत घेण्याआधी प्रत्यक्ष बसवून पाहा.

पायरी ६: नवे टायर रुळवा, अलाइनमेंट करून घ्या

नवा कोरा टायर थेट ट्रॅकवर नेऊ नका. वर साच्याचा गुळगुळीतपणा असतो आणि ठोकळे पूर्ण उंचीचे असतात. तीनेकशे किलोमीटर रस्त्यावर शांतपणे चालवा. ट्रॅकवरचं पहिलं सत्रही सौम्य ठेवा.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ते रस्त्याच्या सेटिंगवर ठेवून ट्रॅकवर गेलात तर पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा आधी जातो. पुढे उणे दीड ते दोन अंशांच्या आसपास कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा कोन) असेल तर खांदा वाचतो आणि रोजच्या वापरात टायरची आतली बाजूही फार झिजत नाही, मात्र टो (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) अचूक असला पाहिजे.

पायरी ७: ट्रॅकवर हवा अशी सांभाळा

इथे घाई करू नका. निवडलेला टायर चांगला की वाईट, याचा निम्मा निकाल हवेच्या दाबावर लागतो.

हवेचा दाब मोजायचा स्वतःचा चांगला गेज विकत घ्या. सकाळी थंड टायरमध्ये गाडीच्या स्टिकरवर लिहिलेला दाब ठेवा. तीन-चार लॅप मारून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आलात की लगेच मोजा, टायर थंड होऊ देऊ नका. ३२ पीएसआयने सुरुवात केली असेल तर ३८-३९ दिसणं नेहमीचं आहे. दाब वाढला की टायर मधोमध फुगतो आणि फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो. गरम असतानाच थोडी हवा सोडा. मध्यम वजनाच्या गाडीला गरम ३३ ते ३६ च्या दरम्यान चांगलं बसतं. मग खडूने खांद्यावर, नक्षीपासून कडेपर्यंत रेघ मारा. पुढच्या सत्रानंतर रेघ कडेवर उतरून पुसली गेली असेल तर हवा कमी आहे. नक्षीच्या टोकाशीही शाबूत असेल तर जास्त. प्रत्येक आकडा वहीत लिहा, सोबत तापमान आणि वेळ. पुढच्या वर्षी हीच वही कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून डावीकडचे टायर जास्त झिजतात. प्रत्येक सत्रानंतर सगळ्यात आधी पुढचा डावा टायर पाहा. फोड आले, तुकडे उडाले किंवा आतले दोरे दिसले, की त्या दिवसाचा ट्रॅक संपला.

पायरी ८: परत निघण्याआधी

गरम टायरमधून सोडलेली हवा आपोआप परत येत नाही. गरम असताना ३४ वर आणलेला टायर दुसऱ्या दिवशी पहाटे २७-२८ दाखवतो. तशाच टायरवर सामान भरून, दुपारच्या उन्हात, ताशी शंभरने सलग चार तास गेलात तर कड सतत लवत राहते, आतून तापते आणि टायर फुटू शकतो. म्हणून निघायच्या सकाळी, टायर पूर्ण थंड असताना, स्टिकरवरच्या दाबापर्यंत हवा भरा. छोटा कंप्रेसर डिकीत असू द्या, ट्रॅकच्या आसपासच्या पंपावर विसंबू नका.

चाकांचे नटबोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासा. चारही टायरवर हात फिरवून आतल्या कडाही चाचपा. आतल्या बाजूची चीर उभ्याने दिसत नाही, गुडघ्यावर बसावं लागतं. नक्षीची खोली मोजा. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण वाटेत पाऊस असेल तर तीन मिलिमीटरच्या खाली मी स्वतः निघत नाही. तेव्हा गाडी कॅरियरवर चढवतो आणि रेल्वेचं तिकीट काढतो.