खाडीतल्या होडीला विजेची मोटर: आधी ओढ मोजा

'किती एचपीची मोटर घेऊ?' हा प्रश्न पहिला नाही. होडीला पाण्यातून न्यायला किती ओढ लागते, हे आधी कळायला हवं.

भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबलेलं असताना, नेहमीची माणसं आणि सामान भरून होडी दुसऱ्या होडीमागे बांधा. दोर किमान २० मीटर, म्हणजे पुढच्या पंख्याचं पाणी मागे लागत नाही. दोरात ५० किलोचा ताणकाटा अडकवा, जीपीएसवर ४ नॉट धरा आणि काटा वाचा. मग उलट दिशेने तेच करून सरासरी काढा.

समजा १८ फुटी होडीला काटा १५ किलो दाखवतो. १५ × ९.८ = १४७ न्यूटन; ४ नॉट म्हणजे सेकंदाला २.०६ मीटर, गुणाकार ३०३ वॅट. यातलं निम्मं पंखा खातो असं धरा, मोटर आणि कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारी पेटी) आणखी १५ टक्के. म्हणजे बॅटरीतून साधारण ७०० वॅट. तेवढ्यात काम भागतं, पण ५ नॉटचा हट्ट धरला की खर्च जवळजवळ दुप्पट. पाण्यातली लांबी १६ फूट असेल तर ५.४ नॉटच्या पुढे होडी आपल्याच लाटेवर चढायला बघते. तिथे वीज ओतून फायदा नाही. वाऱ्यासाठी राखीव धरून ३ किलोवॅटची मोटर पुरे.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), १६ सेल, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास, म्हणजे ५.१२ युनिट. ७० टक्केच वापरायची ठरवली तर ७०० वॅटवर ५ तास. हिशोब तासांत करा, किलोमीटरमध्ये नको: समोरून २ नॉटची ओहोटी आली की तेवढ्याच अंतराला दुप्पट वेळ लागतो. व्होल्टमीटरवरही विसंबू नका. ८० टक्के आणि ४० टक्के चार्ज यात या बॅटरीचा व्होल्टेज फारसा हलत नाही, म्हणून शंट (आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजायची पट्टी) लावलेला मीटरच हवा.

३ किलोवॅटला सुमारे ६० अँपिअर वाहतात. वायर २५ चौरस मिलिमीटर, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची. खरा घोळ वायरीत नसतो, जोडात असतो. हातोडीने ठोकलेला लग (वायरीच्या टोकाची बोल्टवर बसणारी टोपी), किंवा लग आणि टर्मिनलच्या मध्ये घातलेला स्टीलचा वॉशर (तो लगच्या वर हवा!) यामुळे ५ मिलिओहम रोध आला, तर त्या एका बोल्टपाशी १८ वॅट उष्णता. छोटं सोल्डरिंग आयर्नच म्हणा. लग हायड्रॉलिक क्रिंपरने (दाबयंत्राने) दाबा आणि अर्धा तास पूर्ण जोरात चालवून प्रत्येक जोडाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. एखादाच जोड बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर उघडून पुन्हा करा.

फ्यूज डीसीचा, क्लास-टी (मोठा प्रवाह झटकन तोडणारा प्रकार), १०० अँपिअर, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. घरच्या एसी फ्यूजमधली ठिणगी डीसीवर विझत नाही. मेन स्विच लावताना मोठी ठिणगी उडत असेल तर कंट्रोलरला प्रीचार्ज रेझिस्टर (सुरुवातीचा प्रवाहाचा झटका रोखणारा रोध) नाही. महिन्याभरात स्विचचे संपर्क खड्डे पडून खराब होतील.

बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) ४० व्होल्टला सप्लाय तोडतो, आणि तोडतो तेव्हा होडी जागच्या जागी मरते, मग ती खाडीच्या मुखावर का असेना. म्हणून कंट्रोलरमध्ये ४८ व्होल्टला वेग आपोआप उतरेल असं सेट करा. मोटर सुस्तावली की किनाऱ्याकडे वळायचं.

खाडीच्या मचूळ पाण्यात शाफ्टवर ॲल्युमिनियमचा ॲनोड (शाफ्टऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) बसवा. त्याला रंग लावायचा नाही, आणि तो निम्मा झिजला की बदलायचा.